वाफेवाचून धूर

दहिवली, तालुका कर्जत
१४ नोव्हेंबर १९४८

दत्तोपंतांना येसाजी ठोंबऱ्याचा रामराम.

ओळखलं का? तुमच्या इंजिनावर नऊ वर्सं कोळसा टाकला, तो येसाजी. तुमी घाटात विजेच्या इंजिनावर गेलात आन मी घरी आलो, त्याला अठरा वर्सं झाली. मंग गाठ नाय का भेट नाय. तुमी पेन्शनीत निघून खोपोलीला लेकाकडं, नानाकडं, ऱ्हायला आलात असं आमच्या शेजारच्या वाल्मिककडनं कळलं. तो तिथं कारखान्यात हाय, दर आयतवारी घरी येतो. पत्ता त्यानंच आणला. पत्र माझी सून जना लिवती. मी बोलतो तसंच लिव म्हून सांगितलंय, तवा हसू नका.

काम असं हाय. इंजिनावरनं उतरल्यावर मी इथं स्टेशनापल्याड एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम धरलं. पंधरा वर्सं केलं. साहेब आता बंगला मोकळा करून इलायतेला गेला. जाताना मला हाक मारली आन म्हणाला, येसाजी, तू इंजिनवाला, हे तू ठेव. काय दिलं म्हणाल? खेळण्यातलं इंजिन. त्याच्या भावानं अमेरिकेतनं धाडलेलं. हातभर लांब, पन उचलायला वरवंट्यासारखं जड. दांडे, चाकं, धुराडं, मागं कोळशाचा डबा, कायबी इसरलेलं नाय. संगट रूळ हायत.

मागच्या नाताळात साहेबानं व्हरांड्यात रूळ मांडून ते फिरवलं व्हतं. मी कुंड्यांना पानी घालत व्हतो. बगतो तर धुराड्यातनं धूर! भक्, भक्, भक्, चाकाच्या तालावर. आत ना इस्तू, ना पानी, ना वाफ. माझ्या हातातली झारी तशीच वाहत ऱ्हायली.

आता ते चालतं म्हणं, पन धूर येत नाय. साहेब म्हणाला, धुराचं काम बिघडलंय. माझ्या घरात वीज नाय आन मला विजेतलं कळत नाय. तुमाला दोन्ही इंजिनांचं कळतं. एकदा धूर काढून द्याल का? एकदा बगायचा हाय, बाकी काय नाय.

येसाजी

---

खोपोली
२२ नोव्हेंबर १९४८

येसाजीस दत्तोपंत टिपणीसाचा नमस्कार आणि वडीलपणाचा आशीर्वाद, दोन्ही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच ठेवून वाचलं. तुला मी विसरेन का? फावडं धुऊन, आगीच्या दारात धरून तू त्यावर सुके बोंबील भाजायचास. तसे बोंबील नंतर कुठल्या चुलीवर झाले नाहीत. विजेच्या इंजिनात सगळं स्वच्छ, कपडे पांढरे ते पांढरे. पण डबा आणायचा तो थंडच खायचा. माझी बायको गेली त्याला पाच वर्षं झाली. ती म्हणायची, तुम्ही घाटातून आलात की आधी वास यायचा आणि मग तुम्ही. विजेवर गेल्यापासून कळतच नाही कधी आलात.

इंजिन वाल्मिकबरोबर पाठव. नाना इथं पॉवरहाऊसवर आहे. आमच्या खोलीत वीज आहे, हाताशी हत्यारं आहेत आणि मला दिवसभर काम नाही. धूर काढून दिल्याशिवाय परत पाठवणार नाही.

बाकी जुन्या दिवसांचं पत्रात काय लिहायचं? राहू दे.

तुझा
दत्तोपंत

---

दहिवली
२८ नोव्हेंबर १९४८

दत्तोपंतांना रामराम.

वाल्मिककडं इंजिन दिलंय. गोधडीत गुंडाळलंय, गोधडी माघारी धाडा. आमची कारभारीण सोनाबाई तिच्यासाठी भांडली. म्हणती, आंधळ्याला इंजिन कशाला? तिचं हे बोलणं जुनं हाय. मला इंजिनावरनं उतरवलं तवा फोरमननं चिठ्ठीवर ‘डोळे अधू’ असं लिवलं व्हतं ना, ते तिनं गावातल्या मास्तराकडनं वाचून घेतलं आन तवापासनं धरून बसली, का मी तिच्यापासनं लपवलं. मंग तीन वर्सांनी आमची बैलगाडी कशेळ्याच्या वाटंला नाल्यात उलटली. गाडीचा आख मोडला व्हता. पन कोन ऐकतो? सोनाबाईचा डावा हात मोडला, तो अजून वाकडाच हाय. ती म्हणती, तुमाला दिसलं नाय. भाऊबंद म्हणती, येसाजीला दिसलं नाय. त्यानंतर माझ्या हाती कोनी कासरा दिला नाय.

जाऊ द्या. इंजिनाचं बगा. धूर कंच्या रंगाचा येतो ते आधी बगा. काळा आला तर ती फायरमनची लाज, एवढं ध्यानात ठेवा.

येसाजी

ता. क. हे मी, जना, माझ्या मनानं लिहिते आहे. मामंजींना वाचून दाखवणार नाही. त्यांना खरोखरच आता काचबिंदू झाला आहे. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसेल आणि तेही वर्षभरच. म्हणून त्यांना घाई आहे. तुम्हाला मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नका.

---

खोपोली
१९ डिसेंबर १९४८

प्रिय येसाजी,

तुझं इंजिन माझ्या टेबलावर उघडं पडलंय आणि मी रोज सकाळी चहाआधी त्याच्याकडे जातो. (जना, तुझं समजलं. काळजी करू नकोस.)

आता ऐक, हा धूर कसा होतो ते. धुराड्याच्या बरोबर खाली एक चिमुकला दिवा आहे. त्याच्या डोक्यावरची काच आत दाबून वाटीसारखी केली आहे. धुराड्यातून औषधाच्या गोळीएवढी एक गोळी टाकायची, ती त्या वाटीत बसते. रुळातून वीज आली की दिवा तापतो, गोळी वितळते आणि धुपायला लागते. ही झाली भट्टी. आता भक्‌भक् कुठून? तर शेजारी बोटाच्या पेराएवढं सिलिंडर आहे, त्यात दट्ट्या. दट्ट्याचा दांडा चाकाला जोडलाय. चाक एकदा फिरलं की दट्ट्या एकदा खाली-वर होतो, हवेचा एक झोत धुराच्या खोलीत ढकलतो आणि धुराड्यातून एक भपका बाहेर. आपलं इंजिन चाकाच्या एका फेरीला चार वेळा बोलायचं. हे एकदाच बोलतं. गरीब आहे.

बिघाड असा, की दिव्यातली तार जळून तुटली आहे आणि गोळ्या तर साहेबाबरोबरच संपल्या. तसला दिवा इथं मिळणं अशक्य. नानानं युक्ती काढली. विजेच्या शेगडीतली बारीक तार घेतली, ती ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्यावर गुंडाळली आणि अभ्रकाच्या तुकड्यावर बसवली. तार तापते, दोरा तेल पितो, तेलाचा धूर होतो. दिव्याच्या वातीचंच तत्त्व, फक्त ज्योत नाही.

पण तेल कुठलं? आधी खोबरेल घातलं. धूर आला, पण शेजारच्या विमलबाई विचारायला आल्या की आज काय तळताय. मग रॉकेल घातलं. त्याचा भडका उडून माझी डावी मिशी गेली. उजवी मग स्वतःच काढली. शेवटी नानानं पॉवरहाऊसवरच्या ट्रान्सफॉर्मरमधलं जुनं तेल बाटलीभर आणलं. पाण्यासारखं पातळ, वास जवळजवळ नाही. त्याचे सहा थेंब घातले आणि पांढरा धूर आला, येसाजी! पांढरा! दहा थेंब घातले तर तार बुडते आणि नुसतं गुळगुळ वाजतं. दोनच घातले तर दोरा कोरडा पडून करपतो. तू म्हणायचास ना, कोळसा जास्त झाला तरी आग मरते आणि कमी झाला तरी मरते. तेच.

एकच अडचण उरली आहे. इंजिन उभं असताना उदबत्तीसारखा धूर येतो, पण चालायला लागलं की भपके येत नाहीत. दट्ट्या हलतो आहे, मी डोळ्यांनी बघितलं. मग हवा जाते कुठे? तुला काही सुचतं का?

तुझा
दत्तोपंत

---

दहिवली
२६ डिसेंबर १९४८

दत्तोपंत, रामराम.

जनानं तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. मिशीचं वाचलं तवा सोनाबाईसुदीक हसली.

तुमी डरायवर, तुमी चाकाकडं बगता. मी फायरमन, मी राखेकडं बगतो. सिलिंडरातनं हवा धुराच्या खोलीत शिरती, त्या वाटंला भोक असंल ना? ते बगा. गोळीची जुनी राख वितळून त्यात बसली असंल आन घट्ट झाली असंल. सुईला रॉकेल लावून हळू टोका. जोर करू नका. आपल्या इंजिनाच्या नळ्या मी दर आठवड्याला साफ करायचो, तवा तुमी म्हणायचात, येसाजी, कशाला रं मरतोस?

आता एक मागणं हाय. तुमी सोनाबाईला दोन ओळी लिवा. एवढंच लिवा, का येसाजी माझ्या इंजिनावर व्हता तवा त्याचं डोळं चांगलं व्हतं. तुमी लिवल्यावर ती मानंल, तुमी नऊ वर्सं माझ्या शेजारी उभं व्हता. मी सांगून थकलो. आता हल्ली मला जरा कमी दिसतं, म्हून ती म्हणती, बगा, मी पहिल्यापासनं सांगत व्हते. आता दिसत नाय हे खरं हाय, दत्तोपंत. पन तवा दिसत व्हतं. त्या फोरमननं कुणाचं ऐकून काय लिवलं, देव जाणे. त्याचं मला काय नाय. सोनाबाईनं मला खोटा म्हनू नये, एवढंच हाय.

येसाजी

---

खोपोली
२३ जानेवारी १९४९

येसाजी,

महिना झाला तुला उत्तर नाही. आधी इंजिनाचं सांगतो. तू म्हणालास तेच होतं. हवेच्या भोकात दगडासारखी राख. सुई आणि रॉकेल घेऊन दोन दिवस बसलो. काल सकाळी रुळावर ठेवलं, वीज दिली आणि पहिल्याच फेरीला भपका. मग दुसरा. वेग वाढवला तसे भपके जवळ जवळ आले आणि वळणावर ते मागे झुकले, अगदी घाटातल्यासारखे. नाना टाळ्या वाजवत होता. मी खुर्चीवर बसून राहिलो.

आता तुझं मागणं. सोनाबाईंना दोन ओळी लिहायला मी चार वेळा बसलो. लिहिता आलं नाही, कारण दोन ओळींत ते मावत नाही.

जना, हे पत्र तू येसाजीला एकट्याला वाचून दाखव.

सन तीस साली विजेची इंजिनं आली, तेव्हा फोरमननं प्रत्येक ड्रायव्हरला खोलीत बोलावून विचारलं, तुमच्या फायरमनला नवं काम शिकवावं का? कर्जतला जागा थोड्या होत्या. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ तेव्हा दुसऱ्या इंजिनावर फायरमन होता. तुझं नाव पुढे असतं तर त्याचं मागे पडलं असतं. बायकोनं महिनाभर घरात विषय लावून धरला होता, पण तिच्यावर मी ढकलत नाही. ती खोलीत नव्हती. मी होतो.

मी म्हणालो, साहेब, माणूस चांगला आहे, पण संध्याकाळच्या वेळी त्याला सिग्नलचा लाल-हिरवा नीट कळत नाही.

एवढं एकच वाक्य. फोरमनला ते पुरलं. तुला कुणी तपासलं नाही, कारण तुझ्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं.

आणि हे मी कुणाबद्दल बोललो? त्याच्या तीन वर्षं आधी पावसाळ्यात, धुक्यात, बोगद्यातून बाहेर पडताना तू ओरडला होतास, दरड! मला काहीच दिसत नव्हतं. तू बघितलीस म्हणून मी ब्रेक लावला. आपण थांबलो तेव्हा पहिला धोंडा चार हातांवर होता. तुझे डोळे माझ्याहून चांगले होते, येसाजी. त्या घाटात सगळ्यांहून चांगले होते.

मेव्हण्यानं ती नोकरी दोन वर्षांत सोडली. कंटाळा आला म्हणाला.

तुझ्या बैलगाडीचं मला ठाऊक नव्हतं. सोनाबाईंच्या हाताचं ठाऊक नव्हतं. माझं वाक्य त्या खोलीत संपलं असं मी धरून चाललो होतो. ते तुझ्या घरात जाऊन राहिलं होतं.

क्षमा मागायलाही तोंड नाही. इंजिन तयार आहे. तू सांगशील तसं पाठवतो.

दत्तोपंत

---

खोपोली
२७ फेब्रुवारी १९४९

येसाजीस,

पाच आठवडे झाले. वाल्मिकला विचारलं, तर म्हणाला, येसाजीबाबा बरे आहेत, पण खोपोलीचं नाव काढलं की उठून जातात. बरोबर आहे.

इंजिन गोधडीत बांधून ठेवलं आहे. वाल्मिकबरोबर पाठवू का, एवढंच कळव. तुला मला लिहायचं नसेल तर जनानं ‘पाठवा’ हा एक शब्द लिहिला तरी चालेल.

दत्तोपंत

---

दहिवली
१३ मार्च १९४९

दत्तोपंत,

जनानं तुमचं ते पत्र मला शेताच्या बांधावर नेऊन वाचून दाखवलं. वाचताना तीच रडली. मी नाय रडलो. मी घरी आलो, बैलांना पानी दाखवलं. मंग जेवायला बसलो नाय. सोनाबाई म्हणाली, काय झालंय? मी म्हनलं, दात दुखतो.

मला फोरमनचा राग व्हता. अठरा वर्सं मी त्याला शिव्या दिल्या. तो मेला तवा मला बरं वाटलं, हे बी सांगतो. आता त्या शिव्या कुणाच्या व्हत्या ते कळलं. तुमच्या व्हत्या, त्या दुसऱ्याच्या दारात पडल्या.

फोरमनला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तुमी नऊ वर्सं माझ्या फावड्यावरचं खाल्लं.

उद्या होळी हाय. बाया म्हणतात, होळीत राग टाकावा. माझा टाकवत नाय. पन मी ईचार केला, का तुमी लिवलंत. लिवलं नसतं तर मी मरेपत्तूर तुमाला देवमाणूसच म्हनलो असतो. ते बी तुमाला ठावं व्हतं, तरी लिवलंत.

तवा असं करा. इंजिन वाल्मिककडं धाडू नका. तुमी सोता घेऊन या. आन आमच्या पडवीत, सोनाबाईम्होरं, तुमच्या तोंडानं सांगा. कागदावरचं नको. कागदानंच माझं वाटोळं केलं. आधी बोला, मंग धूर.

येसाजी

---

खोपोली
१८ मार्च १९४९

येसाजी,

रविवारी २७ तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. घरात वीज नाही म्हणालास, म्हणून मोटारीच्या दोन बॅटऱ्या जोडून घेतल्या आहेत, त्या वाल्मिक उचलायला मदत करेल. बॅटरीवर चालवलं की कोळशाच्या डब्यात बसवलेली शिट्टी एकदा वाजायला लागते ती थांबतच नाही, म्हणून तिची तार सोडवून ठेवली आहे. शिट्टीवाचून चालवून घे.

मी बोलेन. बोलल्यावर सोनाबाईंनी घराबाहेर काढलं तरी इंजिन चालवून दाखवीन आणि मग जाईन. त्यांना आधी काही सांगू नकोस.

दत्तोपंत

---

दहिवली
३ एप्रिल १९४९

दत्तोपंतकाकांना जनाचा नमस्कार.

हे पत्र मामंजींनी सांगितलेलं नाही. माझं आहे. त्या रविवारी तुम्ही पाणीसुद्धा न पिता गेलात, वळून बघितलं नाहीत. नंतरचं तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं.

तुम्ही पडवीत उभं राहून बोललात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. तुम्ही म्हणालात, “सोनाबाई, येसाजीचे डोळे चांगले होते. मी खोटं बोललो म्हणून त्याला उतरवलं.” मग मेव्हण्याचं, दरडीचं सगळं सांगितलंत. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आत गेल्या. तुम्हाला वाटलं असेल, त्यांनी तोंड फिरवलं. तसं नव्हतं. मी मागोमाग आत गेले, तर त्या चुलीपुढे उभ्या होत्या आणि चूल पेटलेलीच नव्हती. मला म्हणाल्या, “जने, मी त्यांना काय काय बोलले गं.”

बाहेर तुम्ही रूळ जोडलेत, तेल घातलंत. मामंजी पडवीत पालथे पडले आणि गाल जमिनीला टेकवून बघायला लागले, कारण त्यांना आता सरळ समोरचंच दिसतं. इंजिन दर वेळी त्यांच्यासमोरून जायचं तेव्हा ते बोट उचलायचे. तुम्ही विचारलंत, “येसाजी, दिसतो का?” ते म्हणाले, “पांढरा हाय.” एवढंच म्हणाले. तुम्ही डोळे पुसलेत ते मी बघितलं, त्यांना ते दिसलं नाही.

तुम्ही गेल्यावर तीन दिवसांनी, पाडव्याला, गुढी उभारून झाली आणि आत्याबाई मामंजींपुढे जाऊन बसल्या. म्हणाल्या, “त्या दिशी गाडीचा आख मोडला व्हता?”

“मोडला व्हता.”

“मंग तवा जोरानं का नाय सांगितलं?”

“सांगितलं व्हतं. किती येळा.”

आत्याबाईंनी आपला वाकडा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, “मी तुमाला पंधरा-सोळा वर्सं आंधळा म्हनले.”

मामंजी म्हणाले, “आता झालोय ना. आता म्हन.”

त्या हसल्या नाहीत. मामंजीही हसले नाहीत. पण त्या दिवशी पुरणपोळी वाढताना आत्याबाईंनी त्यांच्या ताटात तूप ओतलं ते ओततच राहिल्या. शेवटी त्यांनीच हात धरला.

तुमच्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “त्या माणसावर माझा राग हाय आन तो जायचा नाय. पन या वयात दुसऱ्याच्या पडवीत येऊन असं उभं ऱ्हावं लागलं, ते बी सोपं नाय. त्याला लिव, यायचं तर जेवायच्या येळंला ये. उपाशी माणूस माझ्या दारातनं परत गेला, ते मला बरं वाटलं नाय.” हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे. तुमच्या तेलाची बाटली मामंजींनी आपल्या उशाशी ठेवली आहे आणि सहा थेंब घालायचं काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. थेंब बोटाला लावून मोजतात.

आता आजचं सांगते, त्यासाठीच मी हे पत्र घेऊन बसले. दुपारी मी नदीवरून धुणं घेऊन आले, तर दोघं अंगणात घाटाकडे तोंड करून बसले होते. वर गाडी चढत होती, तिचा आवाज येत होता. आत्याबाईंनी घाटाकडे बोट केलं. मग मामंजींना ते दिसणार नाही हे लक्षात आलं, तेव्हा त्यांचा हात धरून तो त्या बाजूला केला. आणि विचारलं, “तुमी तिथनं जायचात, तवा पहिल्या बोगद्यातनं भायेर पडल्यावर आदी काय दिसायचं?”

लग्नाला सदतीस वर्षं झाली त्यांच्या. मी या घरात आल्यापासून त्यांना हे विचारताना मी ऐकलं नव्हतं. मामंजी म्हणाले, आधीही कधी विचारलं नव्हतं.

ते सांगायला लागले. पहिल्या बोगद्याबाहेर डाव्या हाताला एक पांगारा, तो फाल्गुनात फुलायचा. मग खाली दरी, दरीत दोन घरं, एका घरापुढं रोज एक बाई उभी असायची, तिला ते हात करायचे. आत्याबाईंनी विचारलं, “कोन बाई?” ते म्हणाले, “काय म्हायती. निळं लुगडं असायचं.” मग दुसरा बोगदा, मग पाण्याची धार, मग माकडं. घाटात पंचवीस बोगदे आहेत म्हणतात.

उन्हं उतरली आहेत. मी चूल पेटवून आले, भात टाकला, हे पत्र लिहीत बसले. ते अजून अंगणातच आहेत आणि आत्ता कुठे सातव्या बोगद्यापर्यंत आले आहेत.

तुमची
जना